वाचकांचे प्रश्न : पहिली धार की मधली धार?

चैत्र-वैशाखात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लघवीच्या जळजळीची पत्रे हमखास वाढतात. उन्हात पाणी कमी पडले की लघवी गडद होते, चुरचुरते, आणि आपल्याकडे त्याला 'उन्हाळी लागली' असा सुटसुटीत शब्दही आहे. धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा किंवा ताक घेऊन आणि सावलीत बसून दोन दिवसांत जी जळजळ उतरते, ती बहुतेक वेळा खरोखरच उन्हाळी असते आणि तिच्यासाठी कोणाला पत्र लिहावे लागत नाही. या महिन्यात निवडलेली चार पत्रे मात्र तशी नाहीत. त्यांतल्या तीन पत्रांत खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळींत, जाता जाता विचारावा तसा आला आहे : हा गुप्तरोग तर नसेल? उत्तरे देताना मी त्या शेवटच्या ओळींपासूनच सुरुवात केली आहे.

प्रश्न : माझे वय २८ असून मी चाकणजवळच्या एका कारखान्यात काम करतो. बारा दिवसांपूर्वी एका ओळखीच्या स्त्रीशी निरोधशिवाय संबंध आला. पाचव्या दिवसापासून लघवी सुरू होतानाच आग होऊ लागली आणि सकाळी चड्डीवर पिवळसर डाग दिसू लागले. लाज वाटल्यामुळे डॉक्टरांकडे न जाता मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणि लघवी साफ होण्याचे पातळ औषध घेतले. डाग कमी झाले, पण जळजळ थोडी राहिली. मग स्वतःच लॅबमध्ये जाऊन लघवी तपासून घेतली. रिपोर्टमध्ये 'पस सेल्स १५ ते २०' आणि कल्चरमध्ये 'नो ग्रोथ' असे आहे. लॅबमधला मुलगा म्हणाला, जंतू नाहीत. दोन महिन्यांनी माझे लग्न आहे. मी निर्धास्त व्हावे का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : नाही. तुम्ही पत्ता दिला नसल्यामुळे हे उत्तर अंकातूनच द्यावे लागत आहे आणि ते तुमच्या हाती पडेपर्यंत आणखी काही आठवडे गेलेले असतील, म्हणून आधी कामाचे सांगतो : जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचा व गुप्तरोग विभागात या आठवड्यातच जा. दरम्यान एका बाजूचा अंडकोष दुखू लागला किंवा सुजला, तर दिवसही न दवडता जा, कारण संसर्ग वर सरकल्याचे ते लक्षण असू शकते. शिवाय तरुण वयात अंडकोषाला अचानक पीळ पडला तरी असेच दुखते आणि तो पीळ काही तासांत सोडवला नाही तर अंडकोष निकामी होतो.

आता तुमच्या रिपोर्टविषयी. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी, शरीराचे शिपाई. ते पंधरा-वीस जमले आहेत आणि चोर मात्र सापडलेला नाही, एवढेच तो कागद सांगतो. चोर सापडला नाही याची कारणे साधी आहेत. नेहमीच्या लघवीच्या कल्चरमध्ये आतड्यातून येणारे जंतू वाढवून पाहण्याची सोय असते. परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा जंतू नाजूक असून त्याला तापवलेल्या रक्ताचे खास माध्यम आणि कार्बन डायऑक्साइडची हवा लागते, तर क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक संसर्गाचा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढत असल्यामुळे त्या ताटलीत तो कधीच उगवणार नाही. त्यात तुम्ही नमुना गोळ्या घेतल्यानंतर दिला, आणि बहुधा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मधल्या धारेचा दिला. कल्चरसाठी मधली धार बरोबरच आहे, कारण तेव्हा मूत्राशयात काय आहे ते पाहायचे असते. तुमचा आजार मात्र मूत्राशयात नसून मूत्रमार्गाच्या भिंतीवर असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ती भिंत धुऊन निघते पहिल्या धारेत, जी तुम्ही भांड्यात सोडून दिलीत.

म्हणून तपासणीला जाताना निदान एक तास लघवी न करता जा आणि अगदी सुरुवातीची २० ते ३० मिलीलिटर लघवी बाटलीत द्या. तिच्यावर करायची तपासणी म्हणजे क्लॅमिडिया आणि गोनोरियाची पीसीआर पद्धतीची चाचणी. स्राव अजून येत असेल तर त्याचा थेंब काचेवर घेऊन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जुनी तपासणी पुरुषांत आजही फार उपयोगी आहे. सोललेल्या वालाचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तसे परम्याचे जोडजंतू पांढऱ्या पेशींच्या पोटात बसलेले दिसले की निदान तिथल्या तिथे होते. मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या, कारण अर्धवट औषधाने निकाल फिरू शकतात आणि डॉक्टरांना ते कळणे आवश्यक आहे.

तुमच्या वयाच्या पुरुषाला मूत्राशयाचा साधा जंतुसंसर्ग सहसा होत नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटिमीटर लांब असल्यामुळे बाहेरचे जंतू सहज वर चढत नाहीत. त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या, शरीरसंबंध असलेल्या पुरुषाला जळजळीसोबत स्राव आला तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो लैंगिक संसर्ग मानावा, असा आमच्या व्यवसायातला रिवाज आहे आणि तो योग्य आहे. तुमचा पाचवा दिवसही बोलका आहे. परमा बहुधा दोन ते सात दिवसांत आणि ठसठशीत स्रावाने प्रकट होतो. क्लॅमिडिया एक ते तीन आठवडे घेतो, स्राव पातळ असतो आणि पुष्कळ पुरुषांत तर काहीच जाणवत नाही. दोन्ही एकत्र असणेही नेहमीचे आहे. तुम्हाला मिळालेल्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा नॉरफ्लॉक्सॅसिन घराण्यातल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. परम्याचे जंतू या घराण्याला केव्हाच सरावले आहेत, म्हणून हल्ली त्यावर मुख्यतः सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन देतात आणि क्लॅमिडियासाठी वेगळ्या गोळ्या देतात. डाग कमी झाले म्हणजे जंतू गेले असे नव्हे; कित्येकदा ते दबून राहतात आणि दुसऱ्याकडे जातात.

ज्या स्त्रीशी संबंध आला तिला हे कळवणे तुमच्याकडे लागते. स्त्रियांमध्ये हे दोन्ही आजार बहुधा मूक असतात आणि उपचाराविना गर्भनलिकांना सूज आणून पुढे वंध्यत्वाचे किंवा गर्भ नलिकेतच राहण्याचे कारण ठरू शकतात. तुमचे आणि तिचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध टाळावा. तीन महिन्यांनी पहिल्या धारेची चाचणी पुन्हा करावी, कारण पुनःसंसर्गाचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

राहिले लग्न. एचआयव्हीची प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (त्याविरुद्ध शरीराने बनवलेले द्रव्य) दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी संबंधानंतर ४५ दिवसांनी निर्णायक धरता येते, म्हणजे ती तुमच्या तारखेच्या आत बसते. नुसती प्रतिपिंडे शोधणारी झटपट चाचणी केली असेल तर तीन महिने थांबावे लागते. गरमी, म्हणजे सिफिलिस, याची पहिली खूण न दुखणारी जखम असते आणि ती नऊ ते नव्वद दिवसांत केव्हाही उमटू शकते. तिच्या रक्तचाचणीचा शेवटचा निकालही तीन महिन्यांनीच धरायचा. तुमचे तीन महिने लग्नानंतर दोन-अडीच आठवड्यांनी पूर्ण होतात. तेवढे दिवस निरोध वापरावा लागेल, आणि नव्या नवरीला त्याचे कारण सांगावे लागेल. वधूला सांगावे का, असे तुम्ही विचारलेले नाही. माझ्या मते सांगावे, आणि ते जमत नसेल तर निदान तारीख पुढे ढकलावी. ज्या चाचणीचा निकाल यायचा आहे ती बाजूला ठेवून तिला अंधारात लग्नाला उभे करणे मला पटत नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी उशिराची, पण इतरांच्या उपयोगाची. असा संबंध झाल्यानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे सुरू करता येतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, विचारावे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून मला दोन मुले आहेत. माझे यजमान जहाजावर नोकरीला असतात आणि सहा-सात महिन्यांनी घरी येतात. ते आले की दोन-तीन दिवसांतच मला लघवीला आग होते, दर पंधरा मिनिटांनी जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. मागच्या वेळी शेवटी रक्ताचे थेंबही गेले. येथील डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरे वाटते. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, 'भावोजी बंदरावरून काहीतरी घेऊन आले असतील.' तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्यांना कसे विचारू? आणि मी काय तपासू?
— एक भगिनी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, जाऊबाईंनी केलेले निदान लक्षणांशी जुळत नाही. पती दीर्घ काळाने घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत वारंवार लघवी, आग, ओटीपोटात कळ आणि थोडे रक्त, हे चित्र मूत्राशयाच्या साध्या जंतुसंसर्गाचे आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू गुदद्वाराजवळच्या कातडीवर असतो आणि संबंधाच्या वेळी होणाऱ्या घर्षणाने तो आत ढकलला जातो. अनेक महिन्यांनी संबंध सुरू झाला की हे विशेष घडते. हा जंतू यजमानांनी कोणत्याही बंदरावरून आणलेला नाही, तो तुमच्याच घरचा आहे.

तरी तपासावे कसे ते सांगतो. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की गोळीचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचे कल्चर द्या. तुमच्यासाठी मधली धार : आधी जागा साध्या पाण्याने धुवावी, थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली बाटलीत घ्यावी. दर मिलीलिटरमागे एक लाख किंवा अधिक जंतू आणि नाव ई. कोलाय, असे आले तर प्रश्न मिटला, आणि कोणती गोळी लागू पडेल तेही त्याच कागदावर मिळेल. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा त्रास झाल्यास डॉक्टर संबंधानंतर घ्यायची प्रतिबंधक गोळी सुचवू शकतात. संबंधानंतर लवकर लघवी करून घेणे आणि भरपूर पाणी पिणे यांचा उपयोग होतो. सुगंधी साबण आणि 'इंटिमेट वॉश' यांचा होत नाही, उलट ते आग वाढवतात. बाजारहाटाला किंवा एसटीने जाताना स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच न पिणे ही सवय आपल्याकडच्या बायकांना लागलेली आहे आणि तिचा दोष बायकांना देण्यात अर्थ नाही, पण मूत्राशय मात्र त्याची किंमत मोजते.

लैंगिक संसर्गाची तपासणी केव्हा करावी? कल्चरमध्ये काही उगवले नाही आणि पांढऱ्या पेशी मात्र दिसल्या, तर. लघवी आतून न चुरचुरता बाहेरच्या कातडीला लागल्यावर झोंबत असेल, तर. तेव्हा योनीमार्गाचा दाह, बुरशी किंवा नागिणीच्या जातकुळीतल्या जननांगांवरच्या फोडांचा विचार करावा लागतो. अंगावरून जाण्याचा रंग, वास बदलला किंवा पाळी नसताना, विशेषतः संबंधानंतर, रक्त गेले, तर. ओटीपोटात सतत दुखत राहिले, तर. आणि दिवस राहिले असतील, तर लक्षणे असोत वा नसोत. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब यांच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. स्त्रियांच्या बाबतीत क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ट्रायकोमोनास (हाही एक लैंगिक संसर्ग) यांसाठी लघवीपेक्षा योनीमार्गातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना अधिक भरवशाचा असतो, आणि तो दवाखान्यात आडोशाला जाऊन स्वतःलाही घेता येतो. पेशी दिसतात पण जंतू उगवत नाहीत, असे वारंवार झाले तर आपल्या देशात मूत्रपिंडाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो, हे अनेकदा विसरले जाते. थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर पाठीत दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

यजमानांना कसे विचारावे, याचे उत्तर देणे मला कठीण आहे. मूत्राशयाचा संसर्ग त्यांच्यावर आरोप ठेवत नाही, तसा तो त्यांना निर्दोषत्वाचा दाखलाही देत नाही, कारण क्लॅमिडिया तुम्हा दोघांत एकही लक्षण न दाखवता असू शकतो. मनात शंका बसलीच असेल तर लक्षणाचे निमित्त न करता दोघांनी एकदा तपासणी करून घ्यावी. 'मला असा त्रास होतो, डॉक्टरांनी दोघांना बोलावले आहे' एवढे वाक्य पुरे होते आणि ते खोटेही नाही. ते मी येथे लिहितोच आहे.

प्रश्न : वय ६१, मधुमेह बारा वर्षांपासून. तीन महिन्यांपूर्वी साखरेची गोळी बदलली. तेव्हापासून शिश्नाच्या टोकाला खाज, लाली, पांढरट थर आणि लघवीला जळजळ आहे. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. असे असताना डॉक्टरांनी एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) या चाचण्या लिहून दिल्या, याचा मनस्ताप झाला. मी त्या कराव्यात का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : नव्या गोळीच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा आहे का, ते आधी पाहा. या गटातली औषधे रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा फायदा होतो, पण गोड लघवीवर शिश्नाच्या टोकावरच्या सैल कातडीखाली बुरशी वाढते. तुमचे वर्णन त्या बुरशीचे आहे. मलम, कोमट पाण्याने स्वच्छता आणि लघवीनंतर जागा कोरडी ठेवणे एवढ्याने ती सहसा आटोक्यात येते. गोळी मनाने बंद करू नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मात्र सांगा. चाचण्यांबद्दल म्हणाल तर वय आणि वैधव्य-विधुरत्व पाहून त्या लिहायच्या ठरवल्या तर चुका होतात, म्हणून डॉक्टर सर्वांना सारख्याच लिहितात. तरीही एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि ती का लिहिली हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. धार बारीक झाली असेल, रात्री तीन-चारदा उठावे लागत असेल, तर प्रोस्टेटही दाखवा. लघवी अजिबात होईनाशी झाली तर सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. चार महिन्यांपासून एका मित्राशी संबंध आहेत. आम्ही प्रत्येक वेळी निरोध वापरलेला नाही. आम्हा दोघांनाही कसलाही त्रास नाही. तरी तपासावे का? आणि घरी कळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या महिन्यातल्या चारही पत्रांत तपासणीची सर्वांत सरळ गरज तुमची आहे आणि तुम्हालाच काही होत नाही. पंचविशीच्या आतल्या, शरीरसंबंध असलेल्या स्त्रियांनी दर वर्षी क्लॅमिडिया आणि गोनोरियाची तपासणी करावी, अशी अमेरिकेत शिफारस आहे. आपल्याकडे लक्षणांवर उपचार करण्याची पद्धत रुजलेली असल्यामुळे मूक संसर्ग निसटून जातो. तुम्ही योनीमार्गाचा नमुना द्यावा आणि तुमच्या मित्राने पहिल्या धारेची लघवी, तीही एकाच आठवड्यात, म्हणजे एकाने उपचार घेऊन दुसऱ्याकडून पुन्हा संसर्ग घेण्याचा फेरा टळेल. हे नमुने शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर दोन आठवड्यांनी दिल्यास निकाल पक्का असतो. रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ब पाहावेत. कावीळ ब ची लस लहानपणी मिळाली नसेल तर तीही विचारावी. मुखाने संबंध आला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण घशातला परमा लघवीच्या तपासणीत दिसत नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने लैंगिक आजारांचे दवाखाने चालतात, आणि एचआयव्हीची मोफत चाचणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात होते. जवळचे केंद्र १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली आहे, आणि तुम्ही सज्ञान असल्यामुळे पालकांना कळवण्याचे कारणच नाही. व्यवहारात गुपित फुटते ते कायद्यामुळे नाही, मोबाइलमुळे : खासगी लॅबमध्ये पूर्वी वडिलांच्या क्रमांकावर नोंद झालेली असेल तर रिपोर्टची लिंक सरळ त्यांच्याकडे जाते. पावती करतानाच स्वतःचा क्रमांक द्या आणि जुनी नोंद बदलली का, हे काउंटरवर एकदा पाहून घ्या.